सेंट्रिंग कधी काढायची?

आमच्या खान्देशात ‘रॉड’ हा शब्द आता अहिराणीचाच झाला आहे. जिना चढताना कुणी मध्येच थांबलं, थंडीत कुणी नडगीवरून सारखा हात फिरवू लागलं, की उत्तर ठरलेलं असतं : “पायमा रॉड शे.” आत प्लेट असो, स्क्रू असो की तार, सगळ्याला रॉडच म्हणायचं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे हा शब्द माहीत नसलेलं घर आमच्याकडे शोधावं लागेल.

या रॉडमागे एक साधा प्रश्न आहे. हाड जुळून झाल्यावर आत राहिलेल्या आधाराचं काय करायचं?

घराचा स्लॅब पडताना तुम्ही पाहिला असेल. खाली फळ्या आणि टेकू लावून सेंट्रिंग करतात, वर काँक्रीट ओततात, मग ते पिकेपर्यंत पाणी मारतात. सेंट्रिंग लवकर काढली तर स्लॅब बसतो. काढलीच नाही तर घरात राहता येत नाही. कधी काढायची हे काँक्रीट ठरवतं, मालकाची घाई नाही. मोडलेल्या हाडाला आधार देणाऱ्या सगळ्या वस्तूंचा इतिहास हाच आहे. फक्त इथे एक जास्तीची मागणी आहे : सेंट्रिंगने आपलं आपण नाहीसं व्हावं, आणि तेही बरोबर वेळेवर.

या मागणीवर माणसं शंभराहून जास्त वर्षं काम करत आहेत. मी सॉफ्टवेअर लिहितो, डॉक्टर नाही आणि मटेरियल सायन्सवालाही नाही. पण आमच्या धंद्यात ‘तात्पुरता’ म्हणून टाकलेला कोड दहा वर्षं तसाच पडून राहतो, त्यामुळे वेळेवर निघून जाणाऱ्या वस्तूंबद्दल मला कुतूहल आहे. म्हणून ही गोष्ट शोधत गेलो.

बाहेरून आत

सुरुवातीला आधार बाहेरूनच असायचा. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचं वेगळं प्रकरण आहे. हाड मोडणं वेगळं आणि सांधा निखळणं वेगळं, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. बांधायला कशाच्या साली वापराव्यात, याची यादीही आहे : मोह, उंबर, पिंपळ, पळस, वड, बांबू. यातलं बहुतेक सगळं सातपुड्यात आजही हाताशी मिळतं. हाडवैद्याच्या बांबूच्या पट्ट्या याच परंपरेतल्या. या सेंट्रिंगचा फायदा असा, की ती काढायला चिरफाड लागत नाही. तोटा असा, की आत हाडाचा तुकडाच गायब असेल तर तिचा काही उपयोग नाही.

आत हात घालायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. भूल आली, जंतुनाशकं आली, तेव्हा शरीर उघडणं शक्य झालं. १८९२ या एकाच वर्षी जर्मनीत दोन गोष्टी छापून आल्या. ज्युलियस वोल्फ या शल्यविशारदाचं पुस्तक आलं. त्यात त्याने सांगितलं, की हाड जिवंत असतं आणि त्याच्यावर जसा भार पडतो तशी ते आपली रचना बदलतं. भार वाढला की हाड घट्ट होतं, भार काढून घेतला की झिजतं. त्याच वर्षी बॉनच्या ड्रेसमनने लिहिलं, की हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या, तर प्लास्टर हळूहळू विरघळतं आणि त्या जागी हाड येऊ शकतं.

या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की पुढच्या शतकाचा अभ्यासक्रम तयार होतो. वोल्फ सांगतो, की आधार फार ताठ असेल आणि कायम राहिला तर हाड आळशी होईल. स्टील हाडापेक्षा साधारण दहापट ताठ असतं. प्लेट सगळा भार स्वतःवर घेते आणि तिच्या सावलीतलं हाड पातळ होतं. ड्रेसमन सांगतो, की आधार विरघळवता येतो. मग आणखी काय हवं? ताकद हवी. प्लास्टर भुसभुशीत. पोकळी भरेल, पण पाय उभा करणार नाही.

आठ दिवसांचं मॅग्नेशियम

१९०७ च्या सुमारास बेल्जियमच्या अल्बिन लांबोटने ताकदीचा प्रश्न धातूने सोडवायचं ठरवलं. मॅग्नेशियम हलकं असतं, शरीरात गंजतं, आणि त्याचे क्षार शरीराला परके नसतात. त्याने मोडलेल्या पायात मॅग्नेशियमची प्लेट बसवली. ती धरून ठेवायला सोन्याचा मुलामा दिलेले स्टीलचे खिळे वापरले.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची केमिस्ट्री आठवत असेल तर पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट पाणी, म्हणजे बॅटरी. मॅग्नेशियम झपाट्याने गंजलं. आठ दिवसांत प्लेटचे तुकडे पडले आणि कातडीखाली हायड्रोजनचे फुगे जमले. हाडाला निदान काही आठवडे हवे होते, सेंट्रिंग आठवड्यातच गेली.

लांबोट आणि त्याच्या शिष्यांनी पुढे एकच धातू वापरून पुन्हा प्रयत्न केले, पण तोवर चांगलं स्टेनलेस स्टील आलं. गंजणाऱ्या धातूच्या मागे कोण लागणार? मॅग्नेशियमचे स्क्रू पुन्हा माणसाच्या पायात जायला आणि त्यांना युरोपात अधिकृत मान्यता मिळायला २०१३ साल उजाडलं.

युद्ध आणि आंबट दूध

पुढची उडी धातूची नव्हती, प्लास्टिकची होती. आणि ती युद्धातून आली.

आंबट दुधात लॅक्टिक आम्ल असतं हे कार्ल शील या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १७८० मध्येच दाखवलं होतं. पळत सुटल्यावर आपल्या स्नायूंत जे तयार होतं, ते हेच. या आम्लाचे रेणू साखळीसारखे जोडत गेलं की पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचं प्लास्टिक मिळतं. नायलॉनचा जनक वॉलेस कॅरोथर्सने १९३२ मध्ये ते बनवून पाहिलं होतं, पण ते कमकुवत निघालं. पाण्याच्या संपर्कात त्याची साखळी तुटते आणि पुन्हा लॅक्टिक आम्ल बनतं. टिकाऊ प्लास्टिक शोधणाऱ्याला ही खोट वाटणार. शल्यविशारदाला मात्र हाच गुण.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याच्या वॉल्टर रीड वैद्यकीय केंद्रातल्या प्रयोगशाळेने हा गुण ओळखला. १९६६ मध्ये ‘शस्त्रक्रियेतल्या रोपणांसाठी पॉलिलॅक्टिक आम्ल’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक छोटा शोधनिबंध आला. लेखकांची नावं : कुलकर्णी, पाणी, न्यूमन, लेनर्ड. पहिलं नाव आर. के. कुलकर्णी.

हे नाव वाचून मी थोडा थांबलो. कुलकर्णी हे आडनाव महाराष्ट्राला आणि कर्नाटकाला सारखंच घरचं आहे, त्यामुळे त्यांच्यावर हक्क सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. पण विरघळणाऱ्या हाडाच्या आधारांचा इतिहास जगात कुठेही लिहिला गेला तरी पहिल्या पानावर ‘कुलकर्णी १९६६’ येतं आणि आपल्याकडे ते कुणाला माहीत नसतं, एवढं नोंदवायला हवं. त्यांनी गिनीपिग आणि उंदरांच्या शरीरात हे प्लास्टिक ठेवलं. ते विषारी नव्हतं आणि हळूहळू कमी होत गेलं. पाच वर्षांत, १९७१ पर्यंत, सैन्याच्या संशोधकांनी प्राण्यांच्या मोडलेल्या जबड्यांवरही ते वापरून पाहिलं.

त्याच युद्धातून दुसरी वाटही निघाली. फ्लोरिडाचे लॅरी हेंच १९६७ मध्ये एका परिषदेला बसने जात होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल होता. शरीर नाकारणार नाही असं काहीतरी बनवा, असं त्याने सुचवलं. हेंच यांनी काच बनवली. सिलिका, चुना, सोडा आणि थोडं फॉस्फरस असलेली ही काच हाडात ठेवली, तर हाड तिला चिकटतं. तिला पुढे बायोग्लास नाव मिळालं.

आता टेबलावर दोन वस्तू होत्या. एक विरघळणारं, लवचीक प्लास्टिक. दुसरा हाडाला आवडणारा, पण काचेसारखा तडकणारा खनिज पदार्थ. त्या एकत्र यायला अजून वेळ होता.

घोट्याचं हाड

माणसाच्या मोडलेल्या हाडात विरघळणारा आधार बसवण्याची पहिली मोठी मोहीम फिनलंडमध्ये झाली. हेलसिंकीचे शल्यविशारद पेन्टी रोक्कानेन आणि प्लास्टिक तंत्रज्ञ पेर्टी टोर्माला यांची ही जोडी. टोर्माला यांची युक्ती अशी होती : विरघळणाऱ्या प्लास्टिकचेच धागे काढायचे आणि त्याच प्लास्टिकमध्ये ते बसवून कांडी बनवायची. त्यामुळे कांडी बरीच मजबूत झाली. १९८४ मध्ये त्यांनी घोट्याच्या मोडलेल्या हाडांवर ती वापरायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अहवाल आला. हाडं जुळली आणि काढण्यासाठी दुसरं ऑपरेशन लागलं नाही.

घोट्याचंच हाड का, हे मला माझ्या मामामुळे कळलं. मामाची रावेर तालुक्यात केळीची बाग आहे. २०१७ च्या दिवाळीत सावदा-फैजपूर रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली आणि घोटा मोडला. प्लेट आणि स्क्रू बसले, हाड नीट जुळलं. पण घोट्यावर मांस नसतं. प्लेट कातडीखाली हाताला लागायची. बुटाचा काठ तिथेच घासायचा आणि थंडीत तिथेच ठणकायचं. मोठ्या माणसांत त्रास नसेल तर धातू आत राहू देतात. मामाला त्रास होता, म्हणून दोन वर्षांनी पुन्हा ऑपरेशन झालं.

त्या दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च पहिल्यापेक्षा कमी होता. पण हिशेब बिलावर संपत नाही. पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा पाय जमिनीला न टेकवता काढलेले दिवस. स्क्रू काढल्यावर हाडात भोकं राहतात, ती भरेपर्यंत जपून चालावं लागतं. तेव्हा घड कापणीला आले होते. केळी थांबत नाही. मामाने बागेची सूत्रं शेजाऱ्याच्या हातात दिली आणि भाव त्याने घेतला तो घेतला. ‘दुसरं ऑपरेशन वाचतं’ हे शोधनिबंधातलं अर्ध्या ओळीचं वाक्य रावेरच्या शेतात इतकं मोठं असतं.

मग फिनलंडची कांडी सगळीकडे का गेली नाही? कारण तिनेही वेळ चुकवली. त्यांनी आधी वापरलेलं प्लास्टिक बहुतांशी पॉलिग्लायकॉलिक आम्लाचं होतं. विरघळणारे टाके ज्याचे बनतात, तेच. त्याची ताकद काही आठवड्यांतच संपते. ते वेगाने तुटतं आणि एकदम भरपूर आम्ल सोडतं. १९९० मध्ये फिनलंडच्याच डॉक्टरांनी पाचशेहून जास्त रुग्णांचा आढावा छापला. सुमारे ८ टक्के रुग्णांत जखमेच्या जागी सूज येऊन पाणी वाहिलं होतं. स्वतःच्याच शोधातली खोट त्यांनी आकड्यानिशी मांडली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

परत आलेले चौघे

वेगाने तुटणारं नको, तर सावकाश तुटणारं घ्या. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी तेच केलं. १९८७ मध्ये त्यांनी १० रुग्णांची माहिती छापली. गालाचं मोडलेलं हाड शुद्ध, दाट पॉलिलॅक्टिक आम्लाच्या प्लेट आणि स्क्रूने जोडलं होतं. सगळी हाडं छान जुळली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

तीन वर्षांनी त्यातले ४ जण परत आले. जिथे प्लेट होती तिथे सूज होती. डॉक्टरांनी उरलेल्यांनाही बोलावून घेतलं. त्यांच्यातही तशीच सूज सापडली, ऑपरेशननंतर सव्वातीन ते पावणेसहा वर्षांच्या काळात. आत पाहिलं तर प्लास्टिक अजून गेलंच नव्हतं. त्याचे बारीक, स्फटिकासारखे कण उरले होते आणि शरीरातल्या पेशी ते गिळून फुगल्या होत्या.

म्हणजे बेल्जियमची सेंट्रिंग आठ दिवसांत गेली, फिनलंडची काही आठवड्यांत, आणि ग्रोनिंगेनची पाच वर्षांनीही पूर्ण गेली नाही. हाडाला हवा असलेला काळ या सगळ्यांच्या मधे कुठेतरी होता. मोडलेल्या जागी आधी रक्ताची गाठ होते, मग मऊ जोड, मग काही आठवड्यांत टणक जोड. त्यानंतर वोल्फने सांगितल्याप्रमाणे भार बघून हाड स्वतःला घडवत राहतं, महिनोन्‌महिने. आधाराने ताकद हळूहळू सोडावी आणि हाडाने ती हळूहळू उचलावी. एकाच पदार्थाकडून हे जमत नव्हतं.

फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या मिशेल व्हेर यांच्या गटाने त्याच सुमारास आणखी एक उलटी गोष्ट दाखवली. या प्लास्टिकचा जाड तुकडा बाहेरून आत विरघळत नाही. बाहेरचं आम्ल धुऊन जातं, आतलं अडकून बसतं, आणि ते अडकलेलं आम्ल उरलेल्या साखळ्या आणखी जोरात तोडतं. तुकडा आतून पोकळ होत जातो, वरून शाबूत दिसतो. मग एक दिवस कवच फुटतं आणि साठलेलं सगळं आम्ल एकदम बाहेर येतं.

पाइपवाल्यांच्या गावातून

कंपोझिट हा शब्द इथे येतो. तो जळगावकराला परका वाटू नये.

आमच्या गावात प्लास्टिक म्हणजे पाइप आणि चटई. एमआयडीसीत दाणा वितळवून चटईच्या पट्ट्या काढणारी युनिट्स आहेत, आणि पीव्हीसी पाइपने तर आमच्या तालुक्यांची शेती बदलली. पाइप बनवताना नुसतं पीव्हीसी वापरत नाहीत. त्यात कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीची, बारीक पूड घालतात. त्याला फिलर म्हणतात. थोडा फिलर पाइपला ताठपणा देतो आणि खर्च वाचवतो. जास्त झाला तर पाइप ठिसूळ होतो आणि उन्हाळ्यात बांधावर तडकतो. प्लास्टिक आणि दगड यांचं प्रमाण किती, हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे.

हाड स्वतः असंच बनलेलं असतं. वजनाने साधारण दोन तृतीयांश खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचं, ज्याला हायड्रॉक्सीअपेटाइट म्हणतात. उरलेल्यात कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. खनिज निघून जातं आणि हाड रबरासारखं वाकतं. उलट हाड जाळलं तर प्रथिन जातं आणि उरलेलं बोटाने चुरगळतं. दोन्ही एकत्र असतात तेव्हाच माणूस उभा राहतो.

लंडनच्या विल्यम बॉनफिल्ड यांनी १९८१ मध्ये ही नक्कल करून पाहिली. पॉलिथिलीनमध्ये हायड्रॉक्सीअपेटाइटची पूड घातली आणि हाडाच्या जवळ जाणारा ताठपणा मिळवला. पण पॉलिथिलीन विरघळत नाही. मग विरघळणाऱ्या प्लास्टिकमध्ये खनिज घालण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि एका दगडात तीन पक्षी मिळतात असं दिसलं. ताठपणा वाढतो. हाडाच्या पेशींना ओळखीचा पृष्ठभाग मिळतो. आणि तिसरं म्हणजे, क्षारधर्मी खनिज आम्लाला मारतं.

हे तिसरं काम सर्वांत सुंदर रीतीने दाखवलं ते टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथे १९९७ मध्ये. आयआयटी कानपूरहून शिकून गेलेले मौली अग्रवाल आणि त्यांचे सहकारी अथानासिऊ यांनी विरघळणाऱ्या प्लास्टिकमध्ये तीन वेगवेगळे पदार्थ मिसळून पाहिले : कॅल्शियम कार्बोनेट, हायड्रॉक्सीअपेटाइट आणि खाण्याचा सोडा. आजूबाजूच्या द्रावणाची आम्लता तिन्हींनी आटोक्यात ठेवली. पोटात आम्ल झालं की सोडा घेणारी आपली आजी आणि पाइपमध्ये फिलर घालणारा एमआयडीसीतला ऑपरेटर, दोघांनाही हा प्रयोग एका वाक्यात समजावता येईल.

१९९९ मध्ये जपानच्या शिकिनामी आणि ओकुनो यांनी यातून प्रत्यक्ष स्क्रू आणि प्लेट घडवल्या. पॉलिलॅक्टिक आम्लात वजनाच्या ३० ते ४० टक्के न भाजलेलं हायड्रॉक्सीअपेटाइट घालून, वर लोहारासारखं दाबून घडवलेलं. ते हाडाशी जुळतं आणि कालांतराने जातं. आज गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेत, चेहऱ्याच्या आणि हाताच्या लहान हाडांत अशा प्रकारचे स्क्रू वापरले जातात. मांडीच्या हाडासारखं पूर्ण वजन पेलणारं हाड मोडलं तर मात्र आजही धातूच लागतो. हे सांगायला हवं, नाहीतर विज्ञानाच्या बातम्या वाचून आपण मामाला उद्याच विरघळणारा रॉड मिळेल असं समजतो.

भोकांची किंमत

आतापर्यंतचं सगळं जोडण्याबद्दल होतं. हाडाचा तुकडाच गेला असेल तर? ट्रकखाली चिरडलेला पाय, काढलेली गाठ, सडलेलं हाड. तिथे रिकामी जागा भरून काढावी लागते. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून तिथे बसवणं हा जुना आणि अजूनही खात्रीचा उपाय. पण ते मोजकंच मिळतं आणि काढलेल्या जागी दुखत राहतं.

दुसरा उपाय दान केलेलं हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतीपेढी सुरू झाली. दात्यांकडून मिळालेलं हाड स्वच्छ करायचं, सुकवायचं आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचं, हे तिचं काम. अणुऊर्जेचा हा उपयोग पाठ्यपुस्तकात आपल्याला कुणी सांगत नाही.

तिसरा उपाय म्हणजे सच्छिद्र साचा बनवायचा आणि शरीराला त्यात हाड उगवू द्यायचं. १९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकान्टी यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात या सगळ्या कल्पनेची मांडणी केली आणि टिश्यू इंजिनिअरिंग हा शब्द सगळीकडे पोचला. साच्याला स्कॅफोल्ड म्हणतात, म्हणजे परांची. शब्दसुद्धा बांधकामातलाच.

परांचीला भोकं हवीत, कारण पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरायला हव्यात. ही भोकं निदान १०० मायक्रॉनची हवीत, आणि ३०० च्या वर असतील तर उत्तम, असं संशोधकांना दिसलं आहे. पण भोकं वाढवली की ताकद घटते. खनिज वाढवलं की ठिसूळपणा येतो. खनिजाचे कण गठ्ठे करून बसले तर तिथूनच चीर जाते, म्हणून कणांचा आकार आणि प्लास्टिकशी त्यांची पकड यावर इतकं काम चालतं. एक बटण दाबलं की दुसरं वर येतं. हे आम्हा प्रोग्रॅमर लोकांना चांगलं ठाऊक आहे.

भारतात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हायड्रॉक्सीअपेटाइटला तिहेरी सिरॅमिकचा थर देऊन बनवलेले साचे बकरीच्या मांडीच्या हाडात वापरून पाहिले. आणि महाराष्ट्रात, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी वेगळाच कच्चा माल घेतला : रेशीम. रेशमाचा कोष सोड्याच्या पाण्यात उकळला की वरचा डिंक निघून जातो आणि फायब्रॉइन नावाचं प्रथिन उरतं. त्याचे सूक्ष्म गोळे करून, ते एकमेकांना चिकटवून, त्यांनी साचा बनवला. गोळ्यांच्या मधल्या फटी हीच भोकं. २०१८ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच दोन दावे आहेत : दाबाला चांगला टिकणारा आणि सावकाश विरघळणारा. १८९२ पासूनच्या दोन्ही अडचणी एका ओळीत. या कामातून पुण्यातच सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली.

रेशमाबरोबर लॅक्टिक आम्लाचं प्लास्टिकही जवळ आलं आहे. २०२४ मध्ये जेजुरीत प्राज इंडस्ट्रीजने असं जैवप्लास्टिक बनवण्याचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं. ते मुख्यतः पॅकिंगसारख्या कामांसाठी आहे. शरीरात जाणाऱ्या मालाची शुद्धता फार वेगळी लागते. तरीही पिष्ट आणि साखरेपासून प्लास्टिक बनवायचं ज्ञान शेजारी असणं, हे मका पिकवणाऱ्या खान्देशासाठी लहान नाही.

कुणी परत बोलावलं का?

हे सगळं वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात पदार्थ कमी आणि ग्रोनिंगेनचे चौघे जास्त राहिले.

ते परत आले नसते तर? तिथल्या नोंदीत लिहिलं होतं, की हाडं जुळली. यश. पुढच्या हजारो लोकांच्या गालात त्याच प्लेट गेल्या असत्या. ते आले, आणि डॉक्टरांनी उरलेल्यांना शोधून बोलावलं, म्हणून खनिज घालायची, साखळी बदलायची, आम्ल मारायची गरज कळली. प्रयोगशाळेत सहा महिने खारट पाण्यात ठेवलेला तुकडा हे सांगत नाही. सहाव्या वर्षी सुजलेला गाल सांगतो.

मामाची प्लेट निघाली त्याला आता काही वर्षं झाली. त्या रुग्णालयातून पुन्हा कधी फोन आला नाही. घोटा कसा आहे, भोकं भरली का, असं कुणी विचारलं नाही. मामाही गेला नाही, कारण चालता येतंय तर जायचं कशाला, आणि एक दिवस जायचा म्हणजे एक दिवसाची मजुरी बागेत कुणालातरी द्यायची. हे त्या एका रुग्णालयाचं नाही, आमच्या सगळ्या भागाचं आहे. एक्स-रे पिशवीत घरी येतो, पत्र्याच्या पेटीत जातो आणि पावसाळ्यात ओला होतो.

आता नंदुरबारचा विचार करा. १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्याचाच भाग होता. तिथल्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा आजार आहे. या आजारात वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या बुजवतात. खुब्याच्या हाडाच्या गोलाला रक्त मिळत नाही आणि तो आतून मरतो, अनेकदा ऐन विशी-तिशीत. पोकळी भरून हाड परत उगवू शकणारा साचा कुणाला हवा असेल, तर या पोरांना. कृत्रिम सांधा पंचविसाव्या वर्षी बसवला तर तो उरलेलं आयुष्य पुरेल का, हा त्यांचा खरा प्रश्न आहे.

पण त्यांच्यासाठी बनलेला साचा त्यांच्यातच तपासला गेला पाहिजे. ज्याचं रक्त हाडापर्यंत पोचत नाही, त्याच्या शरीरात विरघळण्याचा वेग वेगळा असू शकतो. ज्याला आठवड्याभरात उसाच्या फडात परतावं लागतं, त्याच्या हाडावर भार लवकर पडतो. पुण्यात ठरवलेली वेळ धडगावात जुळेलच असं नाही. आणि हे कळायला धडगावचा पोरगा तिसऱ्या वर्षी, पाचव्या वर्षी, सापडायला हवा.

माझ्या कामाचा भाग इथे सुरू होतो, असं मला वाटतं. नवा पॉलिमर मी बनवू शकत नाही. पण कोणाच्या हाडात काय, कधी, कुठे बसवलं, याची नोंद आणि दर वर्षी त्याला जाणारा एक फोन, हे बनवायला रॉकेट सायन्स लागत नाही. लागतो तो फोन उचलणारा माणूस, त्याच्या एसटीच्या तिकिटाची सोय, आणि त्या दिवसाची मजुरी. शोधनिबंधाच्या खर्चाच्या तक्त्यात ही ओळ मला अजून दिसलेली नाही.

ग्रोनिंगेनच्या त्या चौघांची नावं कुठे छापलेली नाहीत. लांबोट, हेंच, कुलकर्णी यांची आहेत. मात्र आज कुणाच्याही गालात जाणाऱ्या विरघळणाऱ्या प्लेटची वेळ थोडी तरी बरोबर असेल, तर तिच्यात त्या चौघांनी दवाखान्यापर्यंत केलेली ती फेरी आहे.